दगडाखालची चिंधी

मागल्या हिवाळ्यात माझ्या नातसुनेचं बाळंतपण झालं, तेव्हा तिच्या माहेरून डबाभर लाडू आले. डिंक, खारीक, खोबरं आणि मूठमूठ गोडंबी. तिची आई हौशी बाई. एक लाडू थेट माझ्या तोंडाशी घेऊन आली, "आजी, एवढा एक तरी घ्याच." मी तोंड फिरवलं. तिने पुन्हा पुढे केला, तेव्हा मी तिचा हात जरा जोरानेच बाजूला केला आणि लाडू खाली पडला. घरातले सगळे माझ्याकडे बघायला लागले. म्हातारी खडूस आहे हे त्यांना ठाऊक आहे, पण पाहुण्यांसमोर इतकी, हे नवीन होतं. कुणी कारण विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. आता लिहूनच ठेवते. वाचा आणि मग वाटलं तर खा तुमचे लाडू.

गोडंबी म्हणजे बिब्ब्याच्या पोटातलं बी. आमच्या मुलखातल्या रानात बिब्ब्याची झाडं भरपूर. बाया फळं वेचून आणतात, वाळवतात आणि दगडावर एकेक ठेवून वरून दुसऱ्या दगडाने फोडतात. कवचातून काळं तेल गळतं. ते ज्याच्या कातडीला मानत नाही त्याच्या अंगावर फोड उठतात, सूज येते, आग होते. बिबा उतला म्हणतात त्याला. आणि एवढ्या विखाराच्या आत बसलेलं बी मात्र गोरंगोमटं, गोड. फोडणाऱ्या बाईच्या हाताची चामडी जाते आणि लाडू खाते दुसरीच. हा व्यवहार तेव्हाही असाच होता.

आमचं गाव शेलूबाजारापासून दोन कोसांवर. घर शेतकऱ्याचं, खाऊनपिऊन सुखी. बाबा, त्यांचे थोरले भाऊ, आणि घरावर राज्य त्या भावाच्या बायकोचं. तिला आम्ही मोठी माय म्हणायचो. आमची माय धाकटी जाऊ. तिचं काम चूल, जातं आणि मान खाली घालणं. माझ्या आठवणीत ते घर आधी ऐकू येतं आणि मग दिसतं. पहाटे जात्याची घरघर, मग गोठ्यात बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा, मग मोठ्या मायचा आवाज, आणि तो एकदा सुरू झाला की संध्याकाळपर्यंत बाकीचं काही ऐकू येत नसे. सकाळी ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी आणि मिरचीचा ठेचा. ठेचा इतका तिखट की पुरुष माणसंसुद्धा नाक पुसत जेवायची आणि त्यातच शान मानायची.

या घरात माझी धाकटी बहीण सुभी जन्मली, हे तिचं दुर्दैव. सुभी माझ्याहून तीन वर्षांनी लहान. दिसायला देखणी, मायच्या वळणाची. पण ती डोळ्याला डोळा भिडवत नसे. काही विचारलं तर उत्तर द्यायच्या ऐवजी तुमचंच वाक्य तुमच्याच सुरात परत करायची. मोठी माय म्हणायची, "सुभे, जेवली का वं?" सुभी म्हणायची, "सुभे, जेवली का वं?" तोच खर्ज, तोच शेवटचा हेल. शेजारपाजारच्या बाया हसायच्या. मोठ्या मायला वाटायचं पोरगी आपली नक्कल करते. ठेच्याचं बोट ती सुभीच्या ओठांवरून फिरवायची आणि म्हणायची, "घे, आता कर चाळे." सुभी तासभर तोंड उघडं टाकून जमिनीला ओठ घासत राहायची. आम्ही जेवत असायचो. मीही जेवत असायचे.

खायची ती फक्त पांढरं. ज्वारीच्या कण्या आणि दूध. त्यात हळदीचा ठिपका पडला तरी ताट लोटून द्यायची. प्रत्येक घास आधी हुंगायची. जात्याचा आवाज तिला इतका आवडायचा की माय दळायला बसली की ही जात्याशेजारी जमिनीला कान लावून निजायची, अंगावर पीठ उडालं तरी हलायची नाही. पण पितळेची घागर दगडावर आदळली, परात पडली, की दोन्ही कानांत बोटं खुपसून अशी किंकाळी फोडायची की गोठ्यातली वासरं दावी ताणायची. आता मी शेकडो पोरं शिकवून बसले आहे, तेव्हा सांगते, प्रत्येक वर्गात असं एखादं लेकरू असतंच. कुणाला आवाज बोचतो, कुणाला कापड बोचतं, कुणाला माणसं बोचतात. ती वेगळ्या घडणीची असतात, एवढंच. पण आमच्या घरी त्याला एकच नाव होतं, खोड. आणि खोड मोडायची असते.

घरात येणाऱ्या माणसांत एकीलाच सुभी कळली होती. तिचं नाव भागी. नवरा मेलेली, शेत नसलेली बाई. हिवाळा-उन्हाळ्यात दुपारी आमच्या अंगणात बसून गोडंबी फोडायची. आमचीच फळं, आमचीच गोडंबी, तिला वर पायलीभर ज्वारी. हाताला राख आणि तेल चोळून बसायची, तरी बोटं कायम काळी आणि भेगाळलेली. तिला पाणी वरून ओतायचे, ओसरीवर चढू द्यायचे नाहीत. पहिल्या दिवशी तिने दगडावर दगड हाणला आणि सुभीने किंकाळी फोडली. भागी थांबली. तिने हाक मारली नाही, जवळ घेतलं नाही, काही नाही. मला म्हणाली, "अनसे, एखांदी जुनी चिंधी असन त आन वं." मी मायच्या फाटक्या लुगड्याचा तुकडा आणून दिला. भागीने तो चौघडी करून खालच्या दगडावर बांधला, एक वरच्या दगडाला गुंडाळला, आणि मारून पाहिलं. ठक्क होतं त्याचं धप्प झालं. काम दुपटीने हळू व्हायला लागलं. भागी म्हणाली, "हू दे. मले कोनती गाडी पकडाची हाय?"

त्या दिवसापासून सुभी दुपारभर तिच्याजवळ बसायची. फुटलेल्या कवचांना हात लावायचा नाही, हे भागीने तिला कसं शिकवलं कोण जाणे, पण शिकवलं. सुभी लांब काडीने कवचं सरकवून त्यांच्या रांगा लावायची, मोडायची, पुन्हा लावायची. एकदाच चुकून तिच्या बोटाला तेल लागलं, तर कोपरापर्यंत पुरळ उठलं. भागीने तीळ वाटून लावले आणि म्हणाली, "इच्या कातडीले बिबा मानत नाई. ध्यानात ठेवजा." तेल शोषून चिंधी रोज काळी व्हायची, आणि रोज नवी चिंधी आणून द्यायचं काम माझं होतं. हे विसरू नका. पुढे लागणार आहे.

मग शाळा आली. मुलींचा वर्ग निघाला तो काही गावाला पुळका आला म्हणून नव्हे. वरून हुकूम होता की वीस मुली पटावर असतील तर वर्ग राहील आणि गुरुजीही. गुरुजी घरोघर पदर पसरावा तसे फिरले. आमच्याकडे आले तेव्हा एकोणीस झाल्या होत्या, माझ्यासकट. गुरुजींचं लक्ष सुभीवर गेलं. "हीही धाडा. बसून राहिली तरी चालेल. डोकं मोजायपुरतं." माझी बहीण शाळेत गेली ती विसावं डोकं म्हणून.

वर्ग मारुतीच्या देवळात, सभामंडपात. मला ती जागा आवडली होती. शेणाने सारवलेली गार जमीन, तेलाचा आणि शेंदराचा वास, माझ्या मांडीवर माझी स्वतःची पाटी. मला वाचायला पटकन यायला लागलं. गुरुजी म्हणाले, ही पोरगी नाव काढील. हे वाक्य मी रात्रंदिवस चघळत असायचे. पण सभामंडपाच्या मधोमध देवाची घंटा टांगलेली होती, चांगली पायलीएवढी, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण ती वाजवायचा. शेतावर जाणारा, शेतावरून येणारा, ज्याला काही मागायचं आहे तो, ज्याला काहीच मागायचं नाही तोही. गुरुजीही शाळा भरताना आणि सुटताना तीच बडवायचे. आणि प्रत्येक टोल्याला सुभी कानात बोटं घालून किंकाळी फोडायची, खांबाला डोकं आपटायची. गुरुजींनी आधी छडी चालवली. मग तिला खांबाला बांधलं. मग घंटेखालीच उभं केलं, सवय होईल म्हणून. तिला सवय झाली नाही. तिने जमीन ओली केली. मुली नाकाला पदर लावून हसल्या आणि मी तिची बहीण नाही अशा चेहऱ्याने पाटीकडे पाहत बसले.

गावात कुजबुज सुरू झाली. देवाच्या घंटेने जी पोरगी किंचाळते तिच्या अंगात काय असणार? देवाचा आवाज कुणाला सोसत नाही? उचलली जीभ लावली टाळ्याला. घागर पडली तरी ती किंचाळते हे घरच्यांना ठाऊक होतं, पण गाव पाहत होतं देवळात, आणि देवळात जे दिसतं ते जास्त खरं. अशात डिप्टीसाहेब वर्ग तपासायला येणार असल्याचा सांगावा आला. गुरुजींच्या तोंडचं पाणी पळालं. सुभीला घरी ठेवावी तर एकोणीस भरतात, आणावी तर साहेबांसमोर तमाशा. ते एका सकाळी आमच्या ओसरीवर येऊन बसले. मोठ्या मायने दाराआडून विचारलं, "घरी त एवढी नाई बोंबलत. शाळेतच काहून?"

गुरुजींनी मला बोलावलं. त्या क्षणापर्यंत मोठ्या माणसांनी मला कधी काही विचारलं नव्हतं. गुरुजी म्हणाले, "अनसूये, तू हुशार आहेस. नीट आठवून सांग. घरी असा ठोकण्याचा आवाज होतो तेव्हा ही ओरडते का?"

मी म्हणाले, "नाई गुरुजी. भागी गोडंबी फोडते तवा सुभी जवळच बसते. दुपारभर. एकडाव बी ओरडत नाई."

"दगडाजवळ बसते आणि ओरडत नाही?"

"नाई."

"आणि देवाच्या घंटेला ओरडते." गुरुजींनी मोठ्या मायच्या दाराकडे पाहिलं. "म्हणजे आवाजाचं नाही हे. देवाचंच आहे."

मी चिंधीचं सांगितलं नाही. आजपर्यंत या एका वाक्याभोवती मी फिरते आहे. विसरले होते का? नाही. त्याच सकाळी मी दुपारसाठी तुकडा फाडून कोनाड्यात ठेवला होता. मला माहीत होतं की चिंधी म्हटलं तर भलतंच निघेल, मग तिला घरी ठेवा आणि सांभाळायला अनसीलाही घरी ठेवा, असं होईल. साहेबांसमोर कविता मी म्हणायची होती. गुरुजी माझ्याकडे कौतुकाने पाहत होते. दहा वर्षांच्या पोरीला एवढं कळतं का, असं कुणी म्हणेल. कळतं. चांगलं कळतं. लहान मुलं निरागस असतात असं म्हणणाऱ्यांनी मुलं पाहिलेली नसतात, नाहीतर स्वतःचं लहानपण धुऊन वाळत घातलेलं असतं.

उपाय मोठ्या मायने सांगितला. बाहेरचं कानातून शिरलं असेल तर कानामागे आणि कंठावर बिब्ब्याच्या फुल्या काढायच्या, म्हणजे आतलं पळतं. गुरुजी शिकले-सवरलेले. त्यांनी "बघा, तुमचा विश्वास असेल तर" एवढं म्हणून पागोटं डोक्यावर ठेवलं आणि निघाले. बाबा ऐकून म्हणाले, "बायायचं काम बायायनं पाहा," आणि कापसाची गाडी घेऊन बाजाराला गेले. माय चुलीपाशी होती. तिने फुंकणी उचलली आणि पेटलेलीच चूल फुंकत बसली.

मोठ्या मायने भागीसाठी वाळवून ठेवलेल्या फळांतला चांगला टपोरा बिब्बा निवडला, सुईवर टोचला आणि दिव्यावर धरला. तेल चरचरत टोकाला आलं. त्याचा वास येताच सुभीने मान वळवली. भागीचा वास होता तो, तिच्या आवडीचा. ती आपण होऊन जवळ आली. मोठी माय मला म्हणाली, "धर तिचे हात. हालू देऊ नको." मी सुभीला मांडीत घेतलं, दोन्ही हात घट्ट पकडले आणि तिच्या कानाशी म्हणाले, "काई नाई होत. डोये मीट. काई नाई होत." तिने डोळे मिटले. माझं ऐकून मिटले. मोठ्या मायने उजव्या कानामागे फुली काढली, मग डाव्या. सुभी ओरडली नाही, तिचं अंग फक्त लाकूड झालं. तिसरी फुली कंठावर काढली, आणि पुरेसं झालं नसेल म्हणून तेलाचं उरलेलं बोट दोन्ही कानांच्या पाळ्यांवरून आणि आतूनही फिरवलं. हे करताना मोठ्या मायच्या तोंडावर काय होतं ते मला नीट आठवतं. रागही नव्हता, दुष्टपणाही नव्हता. भाजी निवडताना असतं तेवढं लक्ष होतं. मला त्याचीच जास्त शिसारी येते.

भागी दुपारी आली. तोवर सुभीचे कान पुरीएवढे झाले होते आणि डोळे सुजून मिटले होते. भागीने ते पाहिलं आणि टोपलं खाली ठेवलं. ओसरीच्या पायरीवर पाय ठेवला, जो तिने कधी ठेवला नव्हता. "कोनं केलं हे?"

"आमी केलं," मोठी माय म्हणाली. "पायरी उतर."

"बाई, इले बिबा मानत नाई वं. आन भूत कायचं? आवाज लागते तिले, आवाज. मी रोज चिंधी बांधून राह्यली दगडाले. कोनाले दिसली नाई?" असं म्हणून तिने माझ्याकडे पाहिलं. फक्त माझ्याकडे. मी कोनाड्याला पाठ लावून उभी होते आणि माझ्या पाठीमागे तो तुकडा होता.

"तुले कोनं इचारलं?" मोठी माय म्हणाली. "चिंधीनं भुतं थांबतात काय? तुहाच बिबा सडका हाय, म्हनून उतला. उद्यापासून येऊ नको."

भागी खाली वाकली. टोपल्यातले तीळ काढून माझ्या ओंजळीत टाकले. "वाटून लाव. कानाच्या आत नको लावू. आन आता तरी खरं सांग." ती गेली. मी तीळ वाटले, लावले. खरं सांगितलं नाही.

दोन दिवसांनी डिप्टीसाहेब आले. सुभीला ताप होता, कानामागचे फोड फुटून लस वाहत होती, पण वीस डोकी हवी होती. मोठ्या मायने तिला जुन्या लुगड्याचा धडपा गुंडाळला, डोक्यावरून पुढे ओढला आणि गड्याच्या कडेवर देवळात पोचवलं. तिला खांबाला टेकवून ठेवलं. साहेब गोरे नव्हते, आपलेच होते, जाड भिंगाचे, घामाने थबथबलेले. त्यांनी काठीच्या टोकाने डोकी मोजली. धडप्यापाशी थांबले. "हिला काय झालं?" गुरुजी म्हणाले, "उष्णता साहेब." साहेबांनी रुमाल नाकाला लावला आणि पुढे सरकले. मी कविता म्हटली. एकही शब्द चुकला नाही. साहेबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, मला नव्या पेन्सिलींची पुडी दिली आणि जाताना देवाला हात जोडून घंटा वाजवली.

सगळा मंडप सुभीकडे वळला. ती हलली नाही. कानात बोटं नाहीत, किंकाळी नाही. तिचे कान इतके सुजले होते की आत हवासुद्धा जात नसावी, आणि ती तापाने ग्लानीत होती. पण गुरुजींनी डोळे मोठे केले, मुलींनी एकमेकींना कोपरं मारली, आणि दिवस मावळायच्या आत गावभर झालं, सुभीचं भूत निघालं. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, आणि रेडा मेला तरी पखालीचा जयजयकार. त्या वर्षी आजूबाजूच्या गावांतून, मानोऱ्याकडच्या तांड्यांतूनसुद्धा बाया आपली लेकरं घेऊन मोठ्या मायकडे आल्या. कुणी बोलत नव्हतं, कुणी चालताना पंज्यावर चालायचं, कुणी नुसतंच हट्टी होतं. मोठी माय नारळ घ्यायची आणि दिवा लावायची. त्या पोरांचं काय झालं हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. घरात वर्षभर खोबऱ्याची चटणी होती. मी ती खाल्ली.

सुभीला डाव्या कानाने पुढे ऐकू आलं नाही. उजव्याने आलं, आणि सूज उतरताच घंटेला ती पहिल्यासारखी किंचाळलीही. पण तोवर तपासणी झाली होती. गुरुजींनी तिचं नाव पटावर ठेवलं आणि तिला घरी. लोकांनी ती किंकाळी ऐकूनही ऐकली नाही. ज्याला एकदा चमत्कार म्हटलं ते मोडायला कुणी देवळात जात नाही. फरक एवढाच पडला की सुभीने आमची वाक्यं परत करणं सोडलं. "सुभे, जेवली का वं?" विचारलं तर ती भिंतीकडे पाहायची.

मी पुढे शिकले, मास्तरीण झाले, सुभीला माझ्याजवळ नेलं. माझ्या शाळेत मी पहिलं काम केलं ते घंटेच्या लोलकाला चिंधी बांधायचं. लोक म्हणायचे बाई विक्षिप्त आहेत. नंतरच्या काळात एका सभेत कुणीतरी माझ्या या चिंधीचं कौतुक केलं, मला शाल दिली. ती शाल मी घरी येऊन बिछान्याखाली टाकली. भागीचं नाव तिथे घ्यायला हवं होतं आणि मी घेतलं नाही, कारण ते घेतलं असतं तर बाकीचंही सांगावं लागलं असतं. भागी तेव्हा हयात नव्हती. आमचं अंगण सुटल्यावर ती कामरगावाकडे कुणाच्या तरी दारी गोडंबी फोडत होती एवढंच मला कळलं होतं.

माय म्हातारपणी माझ्याकडे राहायला आली, तेव्हा एकदा मी तिला सांगून टाकलं. म्हटलं, माय, मला चिंधीचं माहीत होतं आणि मी बोलले नाही. मला वाटलं होतं, माय रडेल किंवा मला शिव्या देईल. ती तांदूळ निवडत होती. खडा बाजूला टाकून म्हणाली, "मले का मालूम नोतं? माह्याच लुगड्याची चिंधी होती ना वं थे." आणि तांदूळ निवडत राहिली. म्हणजे आम्ही दोघी. एक चुलीपाशी, एक कोनाड्यापाशी. आणि मी सारी जिंदगी मोठ्या मायला शिव्या घालत आले.

सुभी माझ्याकडे तीस वर्षं राहिली. कण्या आणि दूध खायची, जातं गेलं तेव्हा मी मुद्दाम एक लहान जातं तिच्यासाठी ठेवलं, ती नुसतंच फिरवायची. या तीस वर्षांत ती एकच वाक्य बोलायची. बांगड्या भरायला कासाराने हात धरला, डॉक्टरने दंड पकडला, न्हाऊ घालताना डोक्यावर पाणी पडलं, की अंग लाकूड करून ती म्हणायची, "काई नाई होत. डोये मीट. काई नाई होत." तिच्या आवाजात नव्हे. दहा वर्षांच्या एका पोरीच्या बारीक, गोड, समजूत घालणाऱ्या आवाजात. माझ्या.

शेवटच्या दुखण्यात तिने अंथरूण धरलं. अखेरच्या दिवशी नर्स सुई द्यायला आली आणि मला म्हणाली, "मावशी, जरा हात धरता का यांचे?" मी नाही म्हटलं. मी दाराशी जाऊन उभी राहिले. सुभीने आपणच डोळे मिटले आणि तिथे पडल्यापडल्या माझ्या आवाजात स्वतःची समजूत घातली. नर्स हसून म्हणाली, "किती गोड बोलतात हो."